उंटाची तहान

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले, आणि उंट खुर्चीत ताठ बसला.

हा त्याच्या आवडीचा प्रश्न. बांधकामावर नव्याने आलेला प्रत्येक जण आज ना उद्या तो विचारायचाच, आणि उत्तर देताना उंटाची मान आपोआप वर व्हायची. "चढल्यापासून उतरेपर्यंत एक थेंब नाही," तो म्हणाला. "सकाळी कपभर चहा, की मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर."

आता समोरच्याने डोळे मोठे करायचे असतात. बाईंनी केले नाहीत. हातातले पेन खाली ठेवून त्यांनी त्याच्या शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिले. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. किती वर्षे असे चालले आहे, या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले. मुलगीच आता लग्नाची झाली, आणि हे तिच्या जन्माच्या आधीपासूनचे आहे.

उंट हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. तो टॉवर क्रेन चालवायचा. इमारत वाढेल तशी तिच्या शेजारी वाढत जाणारी, उंच लोखंडी खांबावर आडवा लांब हात पसरलेली ती क्रेन. खांबाच्या टोकाशी काचेची केबिन, आणि केबिनमध्ये हा. वर जायला शिडी आणि खाली यायलाही तीच. क्रेनवाला उतरला की सगळे बांधकाम हातावर हात ठेवून बसते, मुकादम घड्याळ बघतो, गवंडी बिडी काढतात. म्हणून उंट उतरतच नसे. लघवीला उतरायचे नाही तर पाणी प्यायचे नाही, इतका सरळ मामला. घसा फारच कोरडा पडला तर शर्टाचे एक बटण तोंडात धरायचे, म्हणजे लाळ सुटते आणि तहान गप्प बसते. काही क्रेनवाले वरच बाटलीत उरकून घेतात. उंट त्यांच्याबद्दल बोलताना नाक मुरडायचा.

केबिन सोडताना क्रेनवाल्याला एक काम मात्र करावेच लागते. हूक वर ओढून घ्यायचा आणि त्या आडव्या हाताचा ब्रेक सोडून द्यायचा. मग वारा येईल तसा हात आपला आपण फिरत राहतो. अडवून धरला, तर जोराच्या वाऱ्यात अख्खी क्रेन उलथायची. त्यामुळे लांबून बघणाऱ्यालाही कळते, की हात वाऱ्याबरोबर फिरू लागला म्हणजे केबिन रिकामी झाली. उंटाच्या क्रेनचा हात दिवसाउजेडी असा फिरलेला कोणी पाहिला नव्हता. खाली उभा राहून त्याला वॉकीटॉकीवर सूचना देणारा शिट्टी तर ही गोष्ट स्वतःचाच पराक्रम असल्यासारखी सांगत सुटायचा. शिट्टी म्हणजे त्याचा जुना सोबती. वॉकीटॉकी यायच्या आधी हा गडी शिट्टी वाजवून काम भागवायचा, म्हणून ते नाव.

तर अशा माणसाला दवाखान्यात यावे लागले होते. जिन्यात कमरेत उसण भरली, असे त्याने घरी सांगितले होते. ते खोटे होते.

खरे असे की सळयांचा भारा हूकला लटकत होता, खाली माणसे उभी होती, आणि नेमकी तेव्हा उजव्या कुशीतून कळ आली. कळ म्हणजे कशी, तर कोणी आत हात घालून पीळ देतोय अशी. डोळ्यांपुढे अंधारी आली. क्रेन फिरवायच्या दांड्यावरचा हात सुटला आणि भारा माणसांच्या डोक्यावर गरकन फिरला. शिट्टीने खालून आरडाओरडा केला, माणसे पांगली, आणि उंटाने दात आवळून तो भारा कसाबसा खाली टेकवला. नंतर टोपीत ओकारी काढून तो तसाच बसून राहिला. वाऱ्याचा झोत आला, असे त्याने वॉकीटॉकीवर सांगून टाकले. इतक्या वर्षांत तो शिट्टीशी कधी खोटे बोलला नव्हता, त्यामुळे शिट्टीला ते खरे वाटले. त्या संध्याकाळी घरी लघवी लाल झाली आणि ती नेमकी बायकोने पाहिली, नाहीतर उंट दवाखान्याची पायरी चढतो कशाला.

बाईंनी पडद्यावरचे चित्र त्याच्याकडे वळवले. कळ आली ती या खड्याची, असे म्हणून त्यांनी एक पांढरा ठिपका दाखवला. तो काढता येतो, त्याची त्यांना विशेष काळजी वाटत नव्हती. काळजी वेगळीच होती. दोन्ही मूत्रपिंडांच्या मांसात पिठाची चिमूट विस्कटावी तसे बारीक पांढरे कण पसरले होते, आणि बोट ठेवून बाई ते दाखवत राहिल्या.

लघवी फार घट्ट झाली की तिच्यातले क्षार विरघळून राहत नाहीत, बाई सांगू लागल्या. त्यांचे टोकदार स्फटिक होतात. अंगात भरपूर पाणी असले तर ते वाहून जातात. वाहायला पाणीच नसेल तर मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक नळ्यांमध्ये ते रुतून बसतात आणि आतले अस्तर ओरबाडतात. शरीराला वाटते, परका कोणी घुसला. मग शरीराच्या राखणदार पेशी त्याच्यावर धावून जातात. पण तो कण त्यांना पचतही नाही आणि हलतही नाही. पेशींची गर्दी वाढत जाते, सूज येते, आणि त्या झोंबाझोंबीत शेजारच्या चांगल्या नळ्याही मरतात. मेलेल्या जागी व्रण धरतो, आणि व्रण काही रक्त गाळत नाही.

उंट हे सगळे कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. "म्हणजे त्या खड्यापेक्षा आपलीच माणसं जास्त मारतात म्हणायचं," तो म्हणाला.

"तसंच काहीसं. वाचवायलाच आलेली असतात ती."

"पण मग इतकी वर्षं दुखलं कसं नाही?"

"खडा दुखतो. हे दुखत नाही," बाई म्हणाल्या. "अर्ध्याहून जास्त गेलं तरी माणूस हिंडतफिरत असतो. तुमचं अर्ध्याहून जास्त गेलंय."

खोलीत पंखा फिरत होता. बाई पुढे सांगत राहिल्या. गेलेले परत येत नाही, उरलेले टिकवायचे. पाणी प्यायचे, गोळ्या घ्यायच्या, वरचेवर रक्त तपासायचे. खडा निघेपर्यंत उंचावर चढायचे नाही, आणि त्यानंतरही चढावे असे त्यांना वाटत नव्हते. वर असताना कळ आली असती तर, असे त्या म्हणाल्या, तेव्हा उंटाने खिडकीबाहेर पाहिले. शेवटी त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, की घरात आणखी कोणी असे दिवसदिवस पाणी न पिता राहते का. काही वेळा हे घराण्यातच असते, म्हणून विचारते आहे.

बायकोने पर्सचा बंद सोडला. उंट उठून उभा राहिला.

बाहेर पडून दोघांनी घरची वाट धरली. दोघांच्या डोळ्यांपुढे एकच दिवस होता. क्रेन शिकायचीच असा हट्ट धरून बसलेल्या लेकीला उंटाने शेवटी होकार दिला तो दिवस. तेव्हा आईने फक्त एक शंका काढली होती, की वर बायकांची सोय काय. आणि उंट ऐटीत म्हणाला होता, "सोय लागतेय कशाला? पाणी प्यायचंच नाही." एवढे बोलून न थांबता त्याने आपल्या कामाच्या शर्टाचे बटण तोडले आणि लेकीच्या हातावर ठेवले. लेक केवढी हरखली होती. ते बटण अजून तिच्याकडे होते. रोज सकाळी ती ते धुऊन खिशात टाकायची.

आता ती रस्त्यापलीकडच्या बांधकामावर क्रेन चालवत होती. दोघांच्या केबिन एकमेकींना दिसायच्या. सकाळी चढल्यावर उंट आपला हूक थोडा वर-खाली करायचा, पलीकडून तिचा हूक तसाच हलायचा, मग दोघे कामाला लागायचे. तिच्याकडचे लोक तिला उंटाची पोर म्हणायचे, आणि ते कानावर आले की उंटाच्या अंगावर मूठभर मांस चढायचे. हल्ली सकाळी तिचे डोळे सुजलेले असतात, असे बायको एक-दोनदा म्हणाली होती. रात्री मोबाइल बघत बसते, असे म्हणून त्याने ते उडवून लावले होते.

संध्याकाळी लेक आली, तोंड धुतले आणि माठाशी उभी राहून घटाघटा पाणी प्यायली. एक पेला, दुसरा पेला, तिसरा. एरवी उंट हे कौतुकाने बघायचा. आज त्याला त्या आवाजाचीच भीती वाटली.

"उद्यापासून बाटली घेऊन वर जायचं," तो म्हणाला. "तहान लागो न लागो, पाणी प्यायचं."

लेक हसली. "आणि मग? उतरायचं?"

"उतरायचं."

तिला ती थट्टा वाटली. थट्टा नाही असे दिसल्यावर तिने पेला खाली ठेवला. त्या बांधकामावर वर चढणारी ती एकटी बाई होती. मुकादमाने तिला पहिल्या दिवशीच ऐकवले होते, की बायकांची दर तासाला भानगड असते म्हणून आम्ही बायका घेत नाही. त्याचे तोंड तिने बंद केले होते ते एकदाही न उतरून. "आता उतरले तर तो म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो?" ती म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही उतरलात कधी? एकदा तरी?"

उंटाने तिला स्फटिकांचे सांगायचा प्रयत्न केला. नळ्या, राखणदार, सूज, व्रण, सगळ्याचा काला झाला. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून जे आरपार गेले होते ते त्याच्या तोंडून भाकडकथेसारखे येत होते. रक्त तपासून घे म्हटले, तर मला कुठे काय होतंय, म्हणाली. तेच तर, काही होत नाही तेच तर वाईट आहे, असे तो म्हणाला आणि त्यालाच ते खुळ्यासारखे वाटले.

"जिन्यात उसण काय भरली, एवढे घाबरलात?" लेक म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती आत गेली.

तिथेच सगळे अडले होते. तो भारा तिला सांगितला असता तर तिने ऐकले असते. पण तो भारा एकदा तोंडातून बाहेर पडला की उंट संपला. माणसांच्या डोक्यावर सळया फिरवणाऱ्याला कोण वर चढू देतो? त्याचे त्यालाच पटले नसते. आणि लेकीला तरी काय वाटेल? ती ज्याची पोर म्हणून मिरवते तो उंट वर बसून टोपीत ओकला आणि सोबत्याशी खोटे बोलला. त्याने माठावर झाकण ठेवले. बायको त्याच्याकडे बघत होती. जिन्याची गोष्ट तिला कधीच खरी वाटली नव्हती, हे त्याला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी रजा सांगून येतो म्हणून तो निघाला आणि सवयीने शिडीशी जाऊन उभा राहिला. आजचा एक दिवस, असे त्याने मनाशी म्हटले. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्या शिट्टीला दिसल्या. "काय रे, वर झाडं लावलीस काय?" त्याने विचारले. उंट हसला नाही.

वर गेल्यावर हूक वर-खाली केला. पलीकडचा हूक हलला. उंटाने बाटली उघडली आणि वर बसून पाणी प्यायला. पाणी गोड लागले. इतके गोड लागले की त्याला स्वतःचाच राग आला.

पण ती सकाळ त्याच्याने निभेना. प्रत्येक लोड उचलताना त्याचे अर्धे लक्ष हूककडे आणि अर्धे उजव्या कुशीकडे. कुठे जरा चमक आली की तळहाताला घाम फुटायचा. खाली माणसे मुंग्यांसारखी दिसायची, हे तो वर्षानुवर्षे म्हणत आला होता. आज त्याला त्यातला एकेक जण वेगळा दिसत होता. तो निळ्या शर्टवाला, ती विटा वाहणारी, आणि त्यांच्यामध्ये मान वर करून उभा असलेला शिट्टी, डोळे झाकून विश्वास टाकणारा. काँक्रीटची बादली उचलताना दांडा जरा जास्तच ओढला गेला. बादली जराशीच हलली. कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याने ती अलगद टेकवली, आणि दांड्यावरून हात काढून मांडीवर ठेवला.

त्याला लघवी लागली होती. काचेतून समोर लेकीची क्रेन दिसत होती. विटांचा गठ्ठा घेऊन तिचा हात सफाईने फिरत होता, अगदी त्याने शिकवला होता तसा. तिच्या तोंडात आता बटण असेल, आणि तिच्या आतल्या नळ्यांमध्ये काय चालले असेल, कोण जाणे. त्याने हूक वर ओढला, ब्रेक सोडला, आणि केबिनचे दार उघडले.

"काय झालं? उंटा, काय झालं?" वॉकीटॉकीवर शिट्टी विचारत होता. उंट शिडी उतरू लागला. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. खाली एकेकाचे काम थांबत गेले. कोणीतरी ओरडले, अरे, उंट उतरला. कोणीतरी हसले. त्याच्या डोक्यावर क्रेनचा हात वाऱ्याबरोबर संथ फिरू लागला होता. शिडीच्या प्रत्येक टप्प्यावर थांबून त्याने श्वास घेतला.

तो आधी पत्र्याच्या संडासात जाऊन आला. मग शिट्टीला बाजूला घेऊन त्याने त्या भाऱ्याचे खरे सांगितले. मला तेव्हाच सांगायचं होतंस, एवढेच शिट्टी म्हणाला, आणि आपल्या बाटलीतले पाणी त्याच्यापुढे धरले. मग दोघे जाऊन इंजिनिअरला सांगून आले, की उंट आता परत चढणार नाही, दुसरा माणूस बोलवा.

तोवर खिशातला फोन वाजू लागला होता. लेकीचा होता. त्याच्या क्रेनचा हात वाऱ्यावर फिरताना तिने पाहिला होता, आणि तिचा जीव खालीवर झाला होता.

"बाबा, काय झालं? पडलात का? कोणी उचललं?"

"काही नाही झालं. मुतायला उतरलो."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मग उंटाने तिला सांगितले. जिना खोटा, सळयांचा भारा खरा. अंधारी, टोपी, वाऱ्याचा बहाणा, सगळे. काला न होता सांगता आले, कारण यात नळ्या नव्हत्या, नुसता तो होता. "तुला ते बटण मी दिलं," तो म्हणाला. "मला अक्कल नव्हती. मी उतरलोय, बाळा. तू पण उतर."

"लोड आहे हातात," लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

उंट रस्त्याच्या कडेला विटांच्या थप्पीवर बसला. शिट्टी त्याच्या शेजारी उभा राहिला. पलीकडे तिचा हात फिरला, गठ्ठा खाली टेकला, हूक पुन्हा खाली आला आणि नवा गठ्ठा घेऊन वर गेला. उंटाने मान खाली घातली. नाही उतरणार. त्याचीच पोर ती. त्याला तरी कोणी सांगून उतरवले असते का? त्याने बाटलीतले उरलेले पाणी पिऊन टाकले. त्याला तहान नव्हती.

दुसराही गठ्ठा टेकला. खालच्या माणसांनी साखळ्या सोडवल्या. हूक वर गेला तो वरच राहिला. तिचा मुकादम हात कपाळावर आडवा धरून वर बघू लागला, मग ओरडू लागला.

शिट्टीने उंटाचा दंड धरला. "बघ," तो म्हणाला.

तिच्या क्रेनचा हात जागचा हलला होता. लोड नव्हते, घाई नव्हती. आधी जरासा, मग थोडा आणखी, मग थांबून पुन्हा. उंट उभा राहिला. पलीकडच्या खांबावर एक पिवळे हेल्मेट शिडीच्या आतून दिसत होते, लपत होते, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा खाली दिसत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते त्याने पुसले नाही.

वारा पश्चिमेचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन रिकाम्या क्रेन उभ्या होत्या, आणि दोघींचे हात हळूहळू एकाच दिशेला वळत होते.